मधल्या सुट्टीच्या बाई

बाईंनी अंगठा वर केला की वर्ग थांबायचा. गप्प व्हायचा असं मी म्हणत नाही, थांबायचा. उघडलेलं तोंड उघडं, उचललेला हात हवेत, कंपासपेटीतली पेन्सिल निम्मी आत आणि निम्मी बाहेर. खेळताना पोरं अंगठा ओठाला लावून वर करतात आणि 'टाइमप्लीज' म्हणतात ना, अगदी तोच अंगठा. पायात काटा मोडलेला असो, चड्डीची नाडी सुटलेली असो, टाइमप्लीज म्हटलं की राज्य असलेलं पोरगंसुद्धा हात लावत नाही. हा कायदा कुठल्या मास्तरानं शिकवलेला नाही आणि कुठलंही पोर तो मोडत नाही. बाईंनी तो मैदानावरून उचलला आणि वर्गात आणला. आम्हाला डी.एड.ला वर्ग शांत करण्याचे पुष्कळ उपाय शिकवले होते, पण प्रत्यक्षात ते सगळे टेबलावर डस्टर आपटण्यापाशीच येऊन संपत होते.

मी मूळचा कुंडलकडचा, उसाच्या पट्ट्यातला. नेमणूक मिळाली ती वडूजच्या पलीकडच्या एका वाडीत, जिथं नजर जाईल तिथवर माळ आणि ज्वारीची ताटं. दोन शिक्षकांची शाळा. तिसरी-चौथी बाईंकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे, आणि मध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन. त्या पार्टिशनमधून सगळं ऐकू यायचं. माझ्याकडून पलीकडे जायचा तो आरडाओरडा, बराचसा माझाच. पलीकडून यायची ती कधी पाढ्यांची लय, कधी हसू, आणि मध्येच अशी शांतता, की आज बाई वर्ग घेऊन कुठं निघून गेल्या की काय असं वाटावं. पहिले काही आठवडे मी चोरासारखा पार्टिशनला कान लावून उभा राहायचो.

एकदा फटीतून डोकावलो तर एक बुटकीशी पोरगी अंगठा वर करून उभी होती आणि बाई थांबल्या होत्या. हातात खडू, फळ्यावर भागाकार अर्धवट, आणि बाई पुतळ्यासारख्या उभ्या. पोरगी म्हणाली, "बाई, वरचं शून्य कुठनं आलं ते कळलं न्हाई." बाईंनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नंतर मी विचारलं, पोरांनी असं वाटेल तेव्हा थांबवलं तर शिकवायचं कधी? बाई म्हणाल्या, "माझ्या अंगठ्याला ती थांबत्यात, कारण त्यांच्या अंगठ्याला मी थांबते. न्हाईतर माझा अंगठा कोण बघतंय, सर?" मी हे करून पाहिलं. पोरं माझ्या अंगठ्याला लगेच थांबली. त्यांच्या अंगठ्याला थांबायला मला दोन वर्षं लागली.

गाव त्यांना मधल्या सुट्टीच्या बाई म्हणायचं. त्यात कौतुक कमी आणि चेष्टा जास्त होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली की बाई वाक्य पुरं करायच्यासुद्धा भानगडीत पडत नसत. शब्द तोंडात असला तर तोंडातच राहायचा, पोरं बाहेर. उशीर एका मिनिटाचा नाही. एकदा तालुक्याहून एक साहेब शाळा बघायला आले आणि सगळ्या पोरांना व्हरांड्यात बसवून स्वच्छतेवर बोलू लागले. बोलणं रंगात आलं आणि घंटा झाली. बाईंनी अंगठा वर केला. गंमत म्हणजे साहेब थांबले. का थांबले ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं, लहानपणीची सवय असणार. तेवढ्यात बाई अदबीनं म्हणाल्या, "साहेब, सुट्टी झाली. मुलं खाऊन-खेळून आली की फार छान ऐकतात." साहेब हसले, पोरं खिचडीच्या ताटांकडे पळाली, आणि उरलेलं सगळं भाषण साहेबांनी मला एकट्याला ऐकवलं.

सुट्टी पवित्र म्हणून वर्गात काहीही चालायचं असं मात्र नव्हतं. बाईंचा नियम होता, वर्गात सांडलं ते वर्गाच्याच वेळात पुसायचं. एकदा दोघा जणांनी रंगाच्या बाटल्यांवरून झटापट करून अर्धी फरशी निळी केली. बाईंनी गणित थांबवलं, दोघांना बादली आणि फडकं दिलं, आणि बाकीच्या वर्गाला पुढं शिकवत राहिल्या. मला वाटलं, हे तर बक्षीसच झालं, गणित बुडालं की. तसं बोललोही. बाई म्हणाल्या, "एकदा पुसून बघा, बक्षीस वाटतंय का." पोरांनी घासघासून फरशी पुसली, बुडालेलं गणित शेजारच्याकडून समजून घेतलं, आणि घंटा झाल्यावर सगळ्यांबरोबर बाहेर पळाली. त्यांच्या चुकीचा हिशेब तिथंच मिटला. सुट्टीत तो कुणी उकरून काढला नाही.

बाईंकडे बक्षिसं नव्हती. वहीवर तारे नाहीत, चॉकलेट नाही, फळ्याच्या कोपऱ्यात शहाण्या मुलांची नावं नाहीत. होतं ते फक्त एक वाक्य, 'मी बघितलं.' शाळा सुटायच्या आधी त्या खुर्ची पुढं ओढून बसायच्या आणि दिवसभरात दिसलेल्या एक-दोन गोष्टी सांगायच्या. आज नळावर समर्थनं मागच्या पोराला आधी पाणी पिऊ दिलं, मी बघितलं. आज अनुष्काला उत्तर येत होतं, पण शेजारची अजून आठवून बघत होती म्हणून ती गप्प राहिली, मी बघितलं. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. ज्याचं नाव निघालं ते पोर मान खाली घालून बसायचं आणि त्याचे कान लाल व्हायचे. पोरं दिवसभर चांगली वागायची ती त्या दोन शब्दांसाठी, आणि कधी कुणाचं नाव निघेल हे सांगता येत नसल्यामुळे सगळीच वागायची. मला हे जादूसारखं वाटायचं. अजून वाटतं.

हेच वाक्य घेऊन त्या संध्याकाळी घरोघर जायच्या. एसटीच्या थांब्यापर्यंतची वाट गावातूनच होती. दारात बाई दिसल्या की आयांचा जीव वरखाली व्हायचा, कारण शिक्षक दारात येतो तो तक्रार घेऊनच, हे सगळ्यांना ठाऊक. एका घरी तर बाईंनी नुसतं नाव काढलं आणि आईनं चुलीपुढची काठी उचलली. "आवं, आज काय केलं मुडद्यानं?" बाई म्हणाल्या, "काठी ठेव आधी. आज त्यानं पहिलीतल्या पोराची चप्पल गटारातनं काढून दिली. ते सांगाय आलीय." आई काठी हातात धरून तशीच उभी राहिली. लेकराचं चांगलं सांगायला कुणी दारात आल्याची तिला सवयच नव्हती. पोरगं दाराआडून बघत होतं. त्यानंतर बराच काळ वाडीतल्या कुणाचीही चप्पल हरवली तरी शोधायला तोच पुढं असायचा.

हे सगळं बाईंच्यात आलं कुठून, असं मी एकदा विचारलं. त्यांचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. पावसाळा संपला की वडील कळप घेऊन चराईला खाली निघायचे आणि घर मागोमाग. वाटेतल्या एका गावात मुक्काम लांबला तेव्हा त्यांना शाळेत घातलं. अक्षरं येत नव्हती म्हणून तिथले गुरुजी त्यांना रोज सुट्टीत वर्गात बसवून ठेवायचे. गुरुजी वाईट नव्हते, पोरीनं शिकावं अशीच त्यांची इच्छा होती. बाई म्हणाल्या, "अक्षरं आली मला तिथं. पण त्या गावातल्या एका बी पोरीला माझं नाव ठावं झालं न्हाई, आन मला त्यांचं." एवढंच सांगून त्या खिचडीचा तांदूळ मोजून द्यायला उठल्या.

आणि मग ईश्वरी आली.

ईश्वरीचे वडील सैन्यात. त्यांची बदली कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी झाली, म्हणून आईबरोबर ती आजोबांकडे वाडीला राहायला आली आणि पावसाळ्यात तिसरीत दाखल झाली. आजोबा निवृत्त सुभेदार आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांना सुभेदार आबा म्हणतं. शाळेपुढचे कडुलिंब त्यांनीच लावलेले, आणि ते असे एका रेषेत की झाडांनीही सावधान उभं राहावं. ईश्वरी वाढली छावण्यांमधून. बोलणं निम्मं हिंदी. तिथल्या शाळेत धावण्यात ती कायम पहिली यायची, हे तिनं आल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

आमच्या पोरांचे खेळ मात्र तिला येईनात. राज्य कुणावर कसं येतं, कुठल्या दगडाला हात लावला की सुटका होते, काही कळेना. आमच्या पोरांनी आपसात बोलून तिच्यासाठी त्यांना ठाऊक असलेली सगळ्यात मोठी सवलत काढली. म्हणाली, तू कच्चं लिंबू. कच्चं लिंबू म्हणजे खेळात असलेलं पण बाद न होणारं पोर. ते सगळ्यांबरोबर पळतं, कुणी पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. पोरांच्या मनात माया होती, खेळ शिकेपर्यंत तिला सांभाळून घ्यावं एवढंच. पण कच्चं लिंबू करतात ते मोठ्या बहिणीच्या मागं लागून आलेल्या शेंबड्या भावाला. धावण्यात पहिली येणाऱ्या तिसरीतल्या मुलीला सगळ्यांसमोर त्या शेंबड्यांच्या ओळीत बसवलं गेलं. तिनं दगड उचलला. तो श्लोक नावाच्या पोराच्या कपाळावर बसला. वडूजला नेऊन टाके घालावे लागले.

त्या संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेजांचा नुसता पाऊस पडला. दंगा होतो तो सुट्टीतच, मग एवढी सुट्टी हवी कशाला, पोरांना खिचडी देऊन ओळीत बसवा, सुट्टीत स्कॉलरशिपचा सराव घ्या. दुसऱ्या दिवशी समितीची बैठक बसली, माझ्याच वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. सगळ्यांत खाली मान कुणाची असेल तर सुभेदार आबांची. बोलायला सुरुवात त्यांनीच केली. "बाई, माझी नात हाय म्हणून गय करू नका. सुट्टीत तिला वर्गात कोंडा. आन सगळ्या वर्गाचीच सुट्टी बंद करा, म्हंजे पोरंच तिला वठणीवर आणतील. फौजेत एकाची चूक अख्ख्या पलटणीला भोगाय लागती."

बाई म्हणाल्या, "आबा, पोरीनं दंगा केला म्हणून उद्यापासनं तिची खिचडी बंद करू का?"

"छ्या. अन्न तोडत्यात व्हय कुणाचं?"

"मग खेळ कसा तोडायचा? त्यो बी त्यांच्या अंगालाच लागतो."

आबा म्हणाले, तिकडं चूक झाली की पहिली रजा बंद होते, आणि त्यामुळंच शिस्त टिकते. बाईंनी हळूच विचारलं, रजा बंद झालेला जवान मग वागायचा कसा? आबांनी मिशीवरचा हात खाली घेतला. मला वाटलं, बाई जिंकल्या. पण तेवढ्यात मागून श्लोकची आई उठली. ती चढ्या आवाजात बोलली नाही. "बोटभर खाली लागला आसता तर माझ्या लेकराचा डोळा गेला आसता, बाई."

बाई म्हणाल्या, "खरं हाय तुझं." मग त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. दिवाळीपर्यंत रोज सुट्टीत त्या स्वतः मैदानात उभ्या राहतील. तोवर ईश्वरीनं कुणावरही हात उचलला, तर त्या दिवसापासून सुट्टीत दाराला कडी, साऱ्या शाळेच्या, आणि बाई त्यावर एक शब्द बोलणार नाहीत.

एवढ्याशा, तापट, दोन महिन्यांत कुणाशीही न जमलेल्या पोरीच्या हातावर बाईंनी सगळ्या शाळेचा खेळ लावला होता. एसटीच्या थांब्यावर मी तसं बोलून दाखवलं, जरा रागानंच. त्या म्हणाल्या, "भांडाण मैदानात झालंय, सर. वर्गात कोंडून ते मिटंल कसं?"

ईश्वरीला त्यांनी सोडलं मात्र नाही. दुसऱ्याच दिवशी पहिल्या तासाला तिला घेऊन त्या श्लोकच्या घरी गेल्या. टाके निघेपर्यंत श्लोकचं दप्तर सकाळी शाळेत आणायचं आणि संध्याकाळी घरी पोचवायचं, हे काम तिच्याकडे आलं. तिनं ते गाल फुगवून केलं. कधी दप्तर दारातच आपटायची, पण पोचवायची. सुट्टी तिला पूर्ण होती. फक्त त्या सुट्टीत तिला कुणी खेळायला घेईना. पोरं घाबरली होती, आणि थोडी रागावलीही होती. ती व्हरांड्याच्या पायरीवर ताट घेऊन बसायची आणि खिचडीचं एकेक शीत वेचून खात सुट्टी संपवायची. अशा सुट्टीचं करायचं काय, हे मला कळत नव्हतं.

बाईंना कळलं होतं. एका दुपारी त्यांनी पदर खोचला आणि पोरांना विचारलं, मला घेता का? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंचे गुडघे सगळ्यांना ठाऊक होते, एसटीच्या पायऱ्या चढताना त्या कठड्याला धरून क्षणभर थांबायच्या. एकजण धीर करून म्हणाला, "बाई, तुमास्नी पळाय येत न्हाई." बाई म्हणाल्या, "मग कच्चं लिंबू घ्या की मला." पोरांनी गंभीरपणे विचारविनिमय केला आणि ठराव मंजूर झाला. त्या दिवसापासून शाळेच्या मुख्याध्यापिका रोज मधल्या सुट्टीत कच्चं लिंबू होत्या. लंगडत पळायच्या, लगेच सापडायच्या, बाद व्हायच्या नाहीत, आणि खळखळून हसायच्या. लिंबाखाली सुभेदार आबा पहाऱ्याला बसल्यासारखे बसलेले असायचे. ते बघून त्यांनी मान हलवली, ती होकाराची नव्हती.

मी व्हरांड्यातून बघायचो, आणि पायरीवरून ईश्वरी. बाई तिच्याकडे एकदाही बघायच्या नाहीत. मला दर दिवशी वाटायचं, आज हाक मारतील, आज हाताला धरून नेतील. मी असतो तर पहिल्याच दिवशी ओढत नेलं असतं आणि सगळं बिघडवलं असतं. आठवडे गेले, पाऊस गेला, ऊन चढलं, दिवाळी जवळ आली, आणि बाई आपल्या रोज हसत खेळत होत्या. माणसाजवळ एवढा धीर असू शकतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. तो बघताना मला कधी कधी भीती वाटायची.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, "आजपासनं मला पक्की घ्या." विष-अमृतचा डाव होता. ज्याच्यावर राज्य तो शिवून विष देतो, विष मिळालेल्यानं जागेवर बसायचं, आणि खेळातल्या दुसऱ्या कुणी येऊन अमृत म्हणत शिवलं की त्याची सुटका. राज्य श्लोकवर होतं. बाई पहिल्याच फेरीत सापडल्या आणि भर मैदानात, भर उन्हात, एक पाय पसरून खाली बसल्या. पोरं लांब कुंपणाकडे पांगलेली. पक्क्या बाईंना सोडवायचं असतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बाई डोळ्यांवर हात धरून बसून राहिल्या. हाक मारली नाही, टाइमप्लीजही म्हणाल्या नाहीत.

ईश्वरीनं ताट खाली ठेवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं, आणि सुटली. श्लोक आडवा आला, त्याला तिनं अशी हूल दिली की तो धुळीत बसला. धावत जाऊन तिनं बाईंच्या खांद्याला हात लावला. "अमृत."

श्लोक उठला आणि ओरडला, "ए, तू खेळात न्हाईस. तुझं अमृत चालत न्हाई."

सगळी पोरं जमा झाली. ईश्वरीचं तोंड लालबुंद झालं. मूठ आवळली गेली आणि तिचा हात वर गेला. लिंबाखाली आबा उभे राहिले. मी दोन पायऱ्या एकदम उतरलो. तिच्या पायाशी बसलेल्या बाईंनी नुसता हात लांब केला असता तरी तिला अडवता आलं असतं. त्यांनी हात मांडीवरच ठेवला. ती मूठ वर तशीच राहिली, आणि तिच्यातून अंगठा बाहेर आला.

"टाइमप्लीज."

पोरं थांबली. सगळीच्या सगळी, श्लोकसुद्धा. ती दम लागलेल्या आवाजात म्हणाली, "मुझे भी... मला पण घ्या. कच्चं लिंबू चालंल."

श्लोकनं कपाळावरचा व्रण खाजवला आणि जरा विचार केला. "कच्चं कशाला? तू लय जोरात पळतीस. पक्कीच ये."

त्या दिवशी शाळा सुटायच्या आधी बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, आज ईश्वरीनं वर गेलेल्या हातातनं अंगठा काढला, मी बघितलं. पार्टिशनच्या अलीकडे मी होतो आणि माझ्या दारात आबा उभे होते. ते मग घसा खाकरून म्हणाले, "गुरुजी, मीबी बघितलं." डोळे पुसायला त्यांनी फेट्याचा शेव वापरला आणि मी खडू शोधत असल्यासारखं केलं.

ईश्वरी काही गाय झाली नाही. दिवाळीनंतरही ती भांडायची, वर्गात तोंड चालवायची, रंगाची एक बाटली तिनंही फोडली आणि तासभर फरशी पुसत बसली. पण तिनं पुन्हा कुणावर हात टाकला नाही, आणि सुट्टी बंद करण्याचं नाव गावात पुन्हा कुणी काढलं नाही.

बाई निवृत्त झाल्या, आता तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. पार्टिशनच्या पलीकडे एक नवा शिक्षक आलाय, त्याचा आरडाओरडा मला ऐकू येतो. मी अंगठा वर करतो, पोरं थांबतात. शाळा सुटताना मीही खुर्ची पुढं ओढतो, आणि तेव्हा कळतं की दिवसभरात मी काहीच नीट बघितलेलं नाही. बाईंना एवढं दिसायचं कसं, याचं मला रोज नव्यानं आश्चर्य वाटतं. त्यांची आठवण येते ती बहुतेक त्याच वेळी.

त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम गेल्या जानेवारीच्या अखेरीस झाला. मैदानात मांडव, खुर्च्या, माइक, शाल-श्रीफळ, सगळं गाव. पोरं पुढं सतरंजीवर बसलेली, ईश्वरी आता चौथीत आणि पहिल्या रांगेत. अध्यक्ष म्हणून शेवटी सुभेदार आबा बोलायला उठले. आबांचं भाषण म्हणजे सरहद्दीपासून सुरू होतं आणि वाडीत पोचायला वेळ लागतो. ते निम्म्या वाटेवर असतील, तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. घंटा द्यायचं काम ज्या पोराकडे होतं त्याला आज देऊ नको असं सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सगळ्या पोरांनी बाईंकडे बघितलं. बाई शाल पांघरून जमिनीकडे बघत बसल्या होत्या. स्वतःच्याच सत्कारात त्या अंगठा कसा वर करणार? मी करावा का, हा विचार मी करत होतो, आणि आबा पुढं बोलतच होते.

पहिल्या रांगेतून एक अंगठा वर गेला. ईश्वरीचा.

आबा वाक्याच्या मध्येच थांबले. आजवर त्यांचं भाषण कुणी थांबवलेलं नव्हतं. त्यांनी नातीच्या अंगठ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि माइकमध्येच म्हणाले, "सुट्टी झाली व्हय? मग पळा की."

सतरंजी रिकामी झाली. बाई उठल्या, हातातला नारळ माझ्याकडे दिला आणि शाल खांद्यावर तशीच घेऊन मांडवाबाहेर गेल्या. पोरांनी त्यांना विचारलं, बाई, आज कच्च्या का पक्क्या? बाई म्हणाल्या, "पक्की." राज्य दुसरीतल्या एका टिंग्यावर होतं, त्यालासुद्धा त्या सापडल्या. तो ओरडला, "विष!" आणि बाई त्या नव्या शालीसकट मातीत खाली बसल्या, गुडघा धरून, एक पाय पसरून. त्या रडत होत्या. वर्गात इतकी वर्षं मी त्यांचं हसू ऐकलं होतं, त्यांना रडताना पहिल्यांदाच बघितलं, आणि मला ते सहन होईना.

ईश्वरी आधी धावली. मग श्लोक. मग कुंपणाकडची पोरं, नळाजवळची पोरं, ताटं धुणारी पोरं. सोडवायला खरं तर एकच पोर लागतं, पण सगळी शाळा अमृत अमृत ओरडत बाईंकडे पळत सुटली, आणि ज्याच्यावर राज्य होतं तो टिंग्यासुद्धा. आबांच्या हातात अजून माइक होता. मी त्यांच्या दुसऱ्या हातात नारळ दिला आणि मीही पळालो.